म्हातारपणाचा डॉक्टर : अकोल्यात खर्च किती, पदरात काय?

हृदयाचे डॉक्टर रामदासपेठेत, शुगरचे जठारपेठेत, गुडघ्याचे तिसरीकडेच आणि झोपेची गोळी मेडिकलवाल्याने दिलेली. पंच्याहत्तरीच्या माणसाच्या पिशवीत अशा तीन-चार चिठ्ठ्या आणि दहा-अकरा गोळ्या सहज निघतात. प्रत्येक डॉक्टरने आपापल्या जागी गोळी बरोबरच दिलेली असते. पण त्या सगळ्या एकत्र मांडून ‘यातली कोणती बंद करता येईल?’ असं विचारणारा कुणी नसतो. म्हाताऱ्या माणसाच्या डॉक्टरचं खरं काम हेच. ते करायला मुंबईहून तज्ज्ञ यावा लागत नाही, थोडं वेगळं शिकलेला घरचा डॉक्टर पुरतो. म्हणून पहिला सल्ला पैशांचाच देतो: फुल बॉडी पॅकेज घेऊ नका, त्याच पैशांत घरच्या डॉक्टरांकडे पाऊण तासाची एक भेट मागा.

त्या भेटीत काय व्हायला हवं? सगळी औषधं पिशवीसकट न्यायची. चूर्ण, काढा, सर्दीची गोळी, मलमसुद्धा. डॉक्टरांनी आधी बसवून किंवा झोपवून बीपी घ्यावा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला, तर ‘उठलं का चक्कर येऊन राह्यली’ या तक्रारीचं मूळ बरेचदा कानात किंवा मानेत नसतं, गोळ्यांच्या पट्टीत असतं. मग खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. मग तीन शब्द लक्षात ठेवायला सांगून घड्याळाचं चित्र काढायला लावतात. (शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीकडून घड्याळ काढून घेऊन ‘स्मृती गेली’ असा शेरा मारणारा डॉक्टर या विषयात शिकलेला नाही, असं खुशाल समजा.) दिसणं, ऐकणं, वजन, लघवीवरचा ताबा, मन लागतं का, जेवायला सोबत कोण असतं, हेही विचारायचं. यातल्या एकाही गोष्टीला मशीन लागत नाही, वेळ मात्र लागतो.

आपल्याकडे फी मोजतात ती माणशी, वेळ कुणी मोजत नाही. अकोल्यात गल्लीतल्या डॉक्टरांची फी साधारण १०० ते २०० रुपये आणि एमडी फिजिशियनची ३०० ते ६०० च्या आसपास धरा. पाच मिनिटांचे १५० रुपये घेणाऱ्याने पाऊण तासाचेही १५० घ्यावेत, ही अपेक्षा चुकीची आहे. दुपारची, गर्दी नसलेली वेळ आधी ठरवा आणि अशा भेटीचे ५००-६०० रुपये आपणहून देऊ करा. वर्षातून एकदा हा खर्च जड नाही. झोपेच्या गोळीने रात्री पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तर खासगीतलं बिल लाखाच्या घरात जातं.

तपासण्यांत मात्र हात आखडता घ्यायला हरकत नाही, फक्त दोन ठिकाणी कंजुषी नको. पहिलं ठिकाण गुडघेदुखीच्या गोळ्यांचं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोट, तेल्हारा, बाळापूर, दर्यापूरकडच्या गावांत मूत्रपिंडाच्या तक्रारी वर्षानुवर्षं आहेत. त्यांच्या नेमक्या कारणावर वाद घाला, पण तिथल्या सत्तरीच्या माणसाला मूत्रपिंडाची क्रिएटिनीन तपासणी न करता महिनोन्‌महिने दुखणं थांबवण्याच्या गोळ्या-इंजेक्शनं देणं धोक्याचं, यावर वाद नाही. ही तपासणी खासगी लॅबमध्ये साधारण १०० ते २०० रुपयांत होते. दुसरं ठिकाण उन्हाळा. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. बीपीच्या बऱ्याच जोड-गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं. ऊन, कमी पाणी आणि ती गोळी एकत्र आली की रक्तातलं सोडियम उतरू शकतं आणि कालपर्यंत धड असलेला माणूस असंबद्ध बोलू लागतो. घरचे म्हणतात, वयामुळे भ्रम झाला. २५० ते ५०० रुपयांची इलेक्ट्रोलाइट तपासणी उत्तर देऊन जाते. जाणता डॉक्टर उन्हाळ्याआधीच डोस तपासून घेतो. लॅबचे दर जागोजागी वेगळे असतात, फोनवर विचारूनच निघा.

औषधांवर सगळ्यात जास्त पैसा वाचतो. जनऔषधी केंद्रात अ‍ॅम्लोडिपिन किंवा साध्या मेटफॉर्मिनच्या दहा गोळ्यांची पट्टी दहा रुपयांच्या आत मिळते. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा. खरी बचत मात्र गोळी कमी होण्यात आहे. वृद्धांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी मार्क बीअर्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा केली. ती आजही सुधारून निघते आणि तिच्या नावानेच ओळखली जाते. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन, झोपेसाठीचं अल्प्राझोलाम, शुगरचं ग्लिबेनक्लामाइड तिच्यात आहेत. ‘ही यादी पाहता का?’ असं आपल्या डॉक्टरांना नम्रपणे विचारायला काय हरकत आहे?

आता असा डॉक्टर घडतो कुठे? वृद्धोपचारात एमडी करण्याची सोय देशात पहिल्यांदा १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात झाली. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात महाराष्ट्राचं विभागीय केंद्र मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आहे. चालू दवाखाना सांभाळून शिकू पाहणाऱ्यांसाठी इग्नूची वृद्धोपचारातली किमान एक वर्षाची पदव्युत्तर पदविका आहे. अभ्यास दूरशिक्षणाने होतो, पण प्रात्यक्षिकासाठी हजेरी लागते. म्हणजे कोर्सच्या फीपेक्षा बंद ठेवलेल्या दवाखान्याचे दिवस डॉक्टरला महाग पडतात. शिवाय प्रवेश फक्त एमबीबीएस झालेल्यांना. वऱ्हाडातल्या गावागावांत रात्री-बेरात्री दार उघडणारे किती तरी डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस आहेत, त्यांना ही वाट बंद. माझ्या मते या व्यवस्थेतलं खरं भोक हे आहे. ते बुजेल तोवर ज्येष्ठांच्या काळजीवरची जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची ‘आयकोप’ पुस्तिका आणि तिचं अ‍ॅप फुकट मिळतं. स्मृती, चालणं, पोषण, दृष्टी, श्रवण आणि मन या सहा गोष्टी कशा पाहाव्यात, हे त्यात प्राथमिक पातळीवर काम करणाऱ्यांसाठीच लिहिलं आहे. भिंतीवर प्रमाणपत्र नसेल तर एवढं पाहा: डॉक्टर उभं करून बीपी घेतात का, आणि कधी एखादी गोळी बंद करतात का.

सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडची तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत. वृद्ध आरोग्य कार्यक्रमानुसार प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची ओपीडी असायला हवी. तुमच्या केंद्रात तिचा वार कोणता, ते विचारा. अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं असल्याने तिथे केसपेपरचं किरकोळ शुल्क धरून चला.

सत्तरी पार केलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासूनची ही योजना, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांचं संरक्षण. पण ते भरती झाल्यावरचं. डॉक्टरांची फी, महिन्याच्या गोळ्या, बाहेरच्या बाहेर केलेल्या तपासण्या त्यात बसत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसाचा रोजचा खर्च नेमका तोच असतो. तेवढ्यासाठी पैसे खिशातूनच काढावे लागतात. वयाची ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. एसटीत ७५ पुढे प्रवास फुकट आणि ६५ ते ७५ मध्ये अर्धं तिकीट, त्यामुळे तेल्हाऱ्याहून किंवा मूर्तिजापूरहून येणाऱ्या आजोबांचा खर्च सोबत्याच्या तिकिटावर येतो. आधार कार्ड विसरू नका. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या औषधोपचारावर जुन्या करप्रणालीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, मात्र पैसे रोखीने दिलेले चालत नाहीत. यूपीआयने द्या, पावती फाईलला लावा.

यंदाची लांब भेट मार्च संपायच्या आत उरकून घ्या. बीपीची गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांनी बदलली, तर तारखेसह चिठ्ठीवर लिहून घ्या आणि तीच चिठ्ठी बाकीच्या तिन्ही डॉक्टरांना दाखवा. घरी सोबत करणारं कुणी नसेल तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन आहे: १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८, फोनला पैसे पडत नाहीत.