पादांशिक क्रम आणि झोपेची गोळी : निद्राकर औषधे सोडविताना वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, हे आपण सर्वजण पहिल्या वर्षापासून शिकत आलो आहोत. यातील निद्रारूपी उपस्तंभ आज खेड्यापाड्यांतही डळमळू लागला आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या प्रौढ रुग्णांच्या पिशवीत रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर एक लहानशी गोळी हमखास आढळते. कधी ती अल्प्राझोलाम असते, कधी क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम किंवा झोल्पिडेम. ती कोणी, केव्हा व कशासाठी सुरू केली हे रुग्णास सांगता येत नाही. चिठ्ठी जुनी असते, डॉक्टरांचे गाव बदललेले असते, गोळी मात्र चालूच असते.

असा रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा एकच मागणी घेऊन : ‘ही गोळी सोडवा.’ ही मागणी योग्य आहे. परंतु ती पूर्ण करण्याच्या उत्साहात आपल्याकडून रुग्णाच्या जिवाशी खेळ होऊ शकतो. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच धोका दाखविण्याचा आणि त्यावर आपल्याच शास्त्रात असलेला मार्ग आठवण करून देण्याचा आहे.

एक रुग्णवृत्त

काही वर्षांपूर्वी खामगाव तालुक्यातील एका गावाहून साठीच्या घरातील एक विधवा स्त्री आमच्याकडे आली. पतीच्या निधनानंतर सुरू झालेली अल्प्राझोलामची मात्रा वाढत वाढत रोज रात्री १ मिग्रॅ झाली होती व सहा वर्षे तशीच चालू होती. “गोई नाई घेतली तं डोयाले डोया लागत नाई,” असे ती म्हणाली. स्मृतिमांद्य, सकाळी जडत्व आणि दोनदा तोल जाऊन पडणे अशी लक्षणे होती. आम्ही अश्वगंधा व जटामांसी यांचे चूर्ण, रात्री पादाभ्यंग आणि दूध अशी योजना केली व गोळी ‘आजपासून बंद’ करण्यास सांगितले.

पहिली रात्र जागून गेली. दुसऱ्या दिवशी हातापायांस कंप, घाम व छातीत धडधड सुरू झाली. सुनेने दूरध्वनी केला तेव्हा आम्ही ‘दोन दिवस सोसा’ असे सांगितले. तिसऱ्या रात्री आक्षेप आला. घरच्यांनी जीप करून तिला रुग्णालयात नेले म्हणून ती वाचली. दोष औषधाचा नव्हता, रुग्णेचाही नव्हता. तो आमचा होता. हे वृत्त लिहिण्यास संकोच वाटतो, पण ते लपविल्याने इतरांच्या रुग्णांना धोका कायम राहील, म्हणून लिहीत आहोत.

असे का घडते?

बेन्झोडायाझेपिन वर्गातील औषधे १९६० पासून वापरात आली. मेंदूतील ‘गाबा’ नावाच्या शामक द्रव्याचे कार्य ती वाढवितात. बाहेरून रोज शमन मिळू लागले की मेंदू आपली स्वतःची शमनशक्ती आखडती घेतो. गोळी एकाएकी बंद झाल्यास शमन नाहीसे होते आणि उत्तेजना मोकळी सुटते. अनिद्रा, कंप, स्वेद, हृद्द्रव, प्रकाश व आवाज असह्य होणे, हे त्याचे सौम्य रूप. आक्षेप, प्रलाप व क्वचित मृत्यू हे तीव्र रूप. अल्प्राझोलामसारख्या लवकर उतरणाऱ्या औषधात हा धोका पहिल्या एक ते तीन दिवसांतच उभा राहतो. डायाझेपामसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधात तो आठवड्याने किंवा त्यानंतरही दिसू शकतो. झोल्पिडेमची जात वेगळी असली तरी जास्त मात्रेत व दीर्घकाळ घेतल्यास त्याचेही असेच होते.

सप्टेंबर २०१५ मध्ये शेजारच्या तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली, तेव्हा निजामाबाद परिसरात अनेक माणसे कंप, भ्रम व आक्षेप घेऊन रुग्णालयांत दाखल झाली होती. त्या ताडीत अल्प्राझोलामसारखी द्रव्ये मिसळली जात. ज्यांनी आयुष्यात झोपेची चिठ्ठी पाहिली नव्हती, त्यांनाही सहसा त्यागाचा तडाखा बसला. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये या वर्गातील सर्व औषधांवर अवलंबित्व व त्यागलक्षणे यांचा ठळक इशारा छापणे बंधनकारक केले.

शास्त्रविचार

आश्चर्य असे की, हा सिद्धांत आपल्याला नवीन नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील नवेगान्धारणीय अध्यायात अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट क्रमाने सोडावी असे सांगून त्यासाठी पादांशिक क्रम, म्हणजे चतुर्थांशाने कमी करण्याची रीत सांगितली आहे. वाग्भटाचार्य अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात एक पाऊल पुढे जातात. अभ्यस्त अपथ्य पादाने अथवा पादपादाने सोडावे, असा त्यांचा विकल्प आहे. ऋतुचर्येतही सहसा त्याग केल्याने असात्म्यज रोग होतात, हे त्यांनी बजाविले आहे. सहा वर्षे घेतलेली गोळी ओकसात्म्य झालेली असते. ती अहितकर आहे एवढ्याने ती एका रात्रीत सोडण्याजोगी होत नाही.

आता पादपाद म्हणजे किती? चतुर्थांशाचा चतुर्थांश, अर्थात षोडशांश, शंभरात सव्वासहा. अमेरिकेतील व्यसनचिकित्सकांच्या संस्थेने अन्य संस्थांसह २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत आरंभी दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात विचारात घ्यावी, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक कपात सहसा करू नये, असे म्हटले आहे. म्हणजे पाद ही त्यांची वरची मर्यादा व पादपाद हे त्यांचे नेहमीचे पाऊल ठरते. वाग्भटांपुढे या गोळ्या नव्हत्या, म्हणून या साम्यावरून फार मोठा दावा करण्याचे कारण नाही. परंतु ‘आजपासून बंद’ हे आधुनिक शास्त्राला तर सोडाच, आयुर्वेदालाही संमत नाही, एवढे यावरून निश्चित होते.

दोन ठिकाणी मात्र सावध राहावयास हवे. एक, चरकोक्त एकांतर, द्व्यंतर हे शब्द दोन टप्प्यांमधील अंतराचे आहेत. ‘एक दिवस गोळी, एक दिवस सुट्टी’ असा त्यांचा अर्थ घेऊ नये. अल्प्राझोलाम एक दिवसाआड दिल्यास रुग्ण दर दुसऱ्या दिवशी त्यागावस्थेत जातो. मात्रा रोज, ठराविक वेळी आणि सारखीच द्यावी. कमी करावयाची ती मात्रा. दोन, ग्रंथोक्त अंतर दिवसांचे आहे, या औषधांत ते आठवड्यांचे धरावे.

क्रमाचे गणित

वरील रुग्णेस रुग्णालयात पूर्वीची मात्रा पुन्हा सुरू करून स्थिर करण्यात आले. पुढे अकोल्याच्या एका मनोविकारतज्ज्ञांनी क्रम ठरविला व देखरेख आमच्याकडे सोपविली. ०.२५ मिग्रॅची गोळी मधोमध तोडली तर ०.१२५ मिग्रॅ होते. १ मिग्रॅमधून तेवढे कमी करणे म्हणजे अष्टमांश, साडेबारा टक्के. रुग्णेला ते सोसले. पण हाच तुकडा मात्रा ०.५ मिग्रॅवर आल्यावर उरलेल्या मात्रेचा पाद होतो आणि ०.२५ मिग्रॅवर तर अर्धा होतो. तुकडा तोच, पाऊल मात्र प्रत्येक वेळी मोठे. अनेक रुग्ण शेवटच्या अर्ध्या गोळीशी येऊन अडतात व ‘एवढीशीच तर राहिली’ म्हणून ती एकदम सोडतात, त्याचे कारण या गणितात आहे. कपात मूळ मात्रेची न मोजता उरलेल्या मात्रेची मोजावी.

म्हणून ०.५ मिग्रॅवर त्या तज्ज्ञांनी तिला डायाझेपामवर आणले. त्याची २ मिग्रॅची गोळी मिळते व टप्पे लहान करता येतात. ब्रिटनमध्ये न्यूकॅसल येथे प्रा. हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात चालविलेल्या चिकित्सालयात हीच पद्धत प्रामुख्याने वापरली होती. परंतु किती अल्प्राझोलाम म्हणजे किती डायाझेपाम, याचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत, ०.५ मिग्रॅसाठी कोठे ५ तर कोठे १० मिग्रॅ दिलेले आढळते. वृद्धांत व यकृतविकारात डायाझेपाम साचते. म्हणून हा बदल वैद्याने स्वतः करू नये. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या तोडू नयेत. गोळी पाण्यात कालवून मापाने देण्याचा घरगुती उपायही टाळावा, कारण ही औषधे पाण्यात नीट विरघळत नाहीत.

रुग्णेस एकूण तेरा महिने लागले. पेरणीच्या धांदलीत एक टप्पा सहा आठवडे तसाच ठेवला. थांबणे हा पराभव नव्हे. मागे जाण्यापेक्षा थांबणे बरे, आणि घाईने पुढे जाण्यापेक्षा तर निश्चितच बरे. आज ती पाच-सहा तास झोपते, मध्ये एकदा जागी होते, आणि पडलेली नाही.

कोणास हात लावू नये

पुढील रुग्णांत कपातीचा आरंभ दवाखान्यात करू नये, त्यांना तज्ज्ञांकडेच पाठवावे : पूर्वी आक्षेप आलेले, अपस्मारासाठीच क्लोनाझेपाम घेणारे, मद्यपी, मोठ्या मात्रेत अथवा एकाहून अधिक शामक औषधे घेणारे, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके सोबत घेणारे, गर्भिणी, तीव्र मानसविकार किंवा आत्मघाताचे विचार असलेले. ‘गोळी कशासाठी सुरू झाली?’ हा प्रश्न न विचारता केलेली कपात म्हणजे अंधारात केलेले शस्त्रकर्म होय.

क्रम चालू असता आक्षेप, भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणे अथवा ऐकू येणे, ताप व अतिकंप यांपैकी काही झाल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ‘दोन दिवस सोसा’ हे शब्द पुन्हा आमच्या तोंडून निघणार नाहीत.

औषधयोजनेतील विवेक

गोळी कमी करताना शामक द्रव्यांची भर घालण्याचा मोह होतो. तगर, जटामांसी व अश्वगंधा यांचे शामकत्व गोळीच्या शामकत्वात मिळते आणि वृद्ध रुग्ण रात्री लघवीस उठताना पडतो. अश्वगंधेने क्वचित यकृतविकार झाल्याची वृत्तेही प्रसिद्ध झाली आहेत. सर्पगंधेतील रेसर्पिन रक्तदाब उतरविते व विषाद वाढविते; अशा रुग्णांत ती टाळावी. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो, म्हणून रात्रीच्या गोळीबरोबर ती देऊ नयेत. कोणतेही द्रव्य आक्षेपापासून संरक्षण देते असे मानून कपातीचा वेग वाढवू नये.

बाह्योपचार त्यामानाने निर्धोक होत. शिरोभ्यंग, पादाभ्यंग, सायंकाळी लघु आहार, आणि चरकांनी निद्राजनक द्रव्यांत अग्रस्थान दिलेले म्हशीचे दूध अग्नी पाहून द्यावे. त्याबरोबर सकाळी उठण्याची वेळ ठराविक असावी, दिवास्वप्न व दुपारनंतरचा चहा वर्ज्य करावा, झोप न आल्यास अंथरुणात तळमळत न राहता उठून बसावे. रब्बीच्या दिवसांत रात्रीच्या विजेवर ओलित करणारा किंवा रानडुकरांसाठी जागल करणारा शेतकरी गोळी मागतो, तेव्हा त्याची निद्रा बिघडलेली नसून तिची वेळ हिरावलेली असते. त्याला गोळी सुरूच होऊ न देणे ही खरी चिकित्सा.

मर्यादित साधनांत काय करता येईल?

तालुक्याच्या गावी मनोविकारतज्ज्ञ रोज भेटत नाहीत, हे वास्तव आहे. तरीही पुढील व्यवस्था सर्वत्र शक्य आहे. मूळ चिठ्ठी लिहिणाऱ्या किंवा जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांकडून क्रम लेखी घ्यावा. वहीत रोज मात्रा, झोपेचे तास व लक्षणे यांची नोंद घरातील व्यक्तीने करावी. गोळ्यांचा साठा रुग्णाजवळ न ठेवता आठवड्यापुरताच, घरातील जबाबदार व्यक्तीच्या हाती द्यावा. फवारणीची औषधेही कुलपात ठेवावीत. आमच्या जिल्ह्याने शेतकरी आत्महत्यांचे जे दुःख सोसले आहे, ते पाहता प्रत्येक भेटीत मनातील निराशेविषयी स्पष्ट विचारण्यास लाजू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य व मराठीतही सल्ला मिळतो. तो रुग्णाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावा.

औषधविक्रेत्यांनाही यात घ्यावे. अल्प्राझोलाम, डायाझेपाम, नायट्राझेपाम व झोल्पिडेम ही १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीवरच विक्री व तिची स्वतंत्र नोंद तीन वर्षे जपणे त्यांना बंधनकारक आहे. त्याच वेळी, क्रमात असलेल्या रुग्णाची गोळी एकाएकी तुटणार नाही याचीही काळजी घ्यावी.

साध्या साधनांचे सामर्थ्य कमी लेखू नये. कॅनडातील क्वेबेक प्रांतात वृद्धांना केवळ धोके व कपातीचा क्रम समजाविणारी पुस्तिका देऊन, डॉक्टर वा औषधविक्रेत्याशी बोलण्यास सांगून अभ्यास करण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ५ टक्के लोकांनी गोळी सोडली होती.

उपसंहार

गोळी सोडविण्याचा अधिकार रुग्णाचा, क्रम ठरविण्याचे काम ती औषधे हाताळणाऱ्या तज्ज्ञांचे; आणि आठवड्यामागून आठवडे त्या रुग्णाच्या सोबत राहणे हे आपले. खेड्यातील वैद्य रुग्णाच्या घराला, सुनेला, शेताला ओळखतो. ही ओळख कोणत्याही मोठ्या रुग्णालयाजवळ नसते. तिचा उपयोग घाई करण्यासाठी न करता धीर देण्यासाठी केला, तर पादपादाने का होईना, पण हा डळमळलेला उपस्तंभ पुन्हा उभा राहू शकतो, असा आमचा अनुभव आहे.