पूर, पंगत आणि निवारा

सन २००५ च्या जुलैतील गोष्ट. २६ तारखेला आभाळ फाटले. मुंबईस सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, हा आकडा पुढे सर्वांच्या तोंडी झाला; पण त्याच दिवशी आपल्या कर्जत, नेरळ, बदलापूर ह्या पट्ट्यात उल्हास नदीने काय केले ते नदीकाठच्या माणसालाच ठाऊक. पुढे पाचसहा दिवसांत आषाढ वद्य एकादशी आली. पुरात घर गेलेल्या माणसांसाठी आमच्या मंडळीचे अन्न शिजत होते. तेव्हा एका वयस्कर माउलीने विचारले, "बुवा, आज एकादशी. आज चुलीवर भात चढवायचा का?"

प्रश्न भाबडा नव्हे. वारकऱ्याला एकादशी म्हणजे प्राणाइतकी. त्या माउलीने तीस-चाळीस वर्षांत एक एकादशी मोडलेली नव्हती. तिला उत्तर दिले ते येथे पुन्हा लिहितो, कारण असा प्रसंग पुन्हा येणार. व्रत आपले आहे, भूक त्यांची आहे. आपण खाऊ नये. पण ज्याचे पीठमीठ नदीने नेले त्याला आपल्या व्रताच्या नावाने उपाशी ठेवावयाचे, हे कोणत्या संताने सांगितले? काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड एकनाथ महाराजांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतली, ही कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकतो! कावड थोर की तहान थोर, ह्याचा निकाल नाथांनी त्या वाळवंटातच लावला. माउलीने दिवसभर पाण्यावर राहून दोनशे माणसांचा भात रांधला.

आता थोडे आपल्या नद्यांविषयी, कारण नदीचा स्वभाव कळल्याशिवाय मदतीची रीत कळत नाही. उल्हास राजमाचीच्या डोंगरांतून उतरते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणच्या खाडीकडे जाते. खालापूरच्या अंगाला पाताळगंगा खोपोलीकडून रसायनी, आपट्याच्या बाजूस धावते. दोन्ही घाटाच्या पायथ्याच्या लेकी. बोरघाटावर आणि माथेरानच्या अंगाला पाऊस कोसळला की काही तासांत पाणी गावात, आणि पाऊस थांबला की तसेच काही तासांत ओसरते. सांगली-कोल्हापुरास २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेचे पाणी दिवसचे दिवस घरांत उभे राहिले. तिकडे छावणी पुष्कळ दिवस चालवावी लागते. आपल्याकडे पहिली रात्र काढणे हा खरा प्रश्न, आणि दुसरा प्रश्न चिखलाचा. पाणी गेले की घरात गुडघाभर गाळ, विहिरीत घाण, चुलीची माती वाहून गेलेली. अशा वेळी बाहेरचे लोक साड्यांचे गठ्ठे आणतात. साडी नको असे नाही, पण त्या दिवशी बाईला हवे असते फावडे, घमेले, खराटा, प्यायचे पाणी आणि कोरडी काडेपेटी. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकल्याखेरीज ते पाणी पिऊ नये, आणि पायाला जखम असेल तर गाळात अनवाणी उतरू नये. लेप्टोचा ताप उंदराच्या मुताने दूषित झालेल्या अशाच पाण्यातून चढतो. गोळ्या सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्या.

आमची स्वतःची फजितीही सांगून टाकतो. त्या वर्षी एका वाडीवर आम्ही मोठ्या हौसेने भात-आमटीचे टोप नेले. पोचल्यावर ध्यानात आले की तेथे एकाही घरात ताटवाटी उरलेली नाही, आणि पत्रावळी आम्ही घेतलेल्या नाहीत. बायांनी पदरात भात घेतला. आमटी तशीच राहिली. पंगत वाढण्यात आयुष्य गेलेल्या आम्हा लोकांना पत्रावळीची आठवण होऊ नये, ह्याची लाज अजून वाटते.

म्हणून म्हणतो, मदत हा निव्वळ कळवळ्याचा विषय नाही, व्यवस्थेचा आहे. आणि व्यवस्था वारकऱ्याजवळ आहेच की! कार्तिकीला आळंदीकडे निघालेली एखादी दिंडी पाहा. राहुट्या, टोप, शिधा, पाण्याची सोय, पुढे जाऊन जागा पाहणारी माणसे, वाढपी, आणि शेसव्वाशे माणसांना एका हाताच्या इशाऱ्याने थांबविणारा चोपदार. पुराच्या दिवशी लागते ते हेच. फक्त आपण ते वर्षातून एकदोनदा बाहेर काढतो आणि एरवी कुलुपात ठेवतो.

कोणी म्हणेल, हे काम सरकारचे. सरकारचे आहेच. पण २०१९ च्या २७ जुलैला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तेव्हा काय झाले ते आठवा. कोल्हापूरला निघालेली गाडी, आत हजारावर उतारू, त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया. राष्ट्रीय आपत्ती दलाच्या होड्या आल्या, नौदल आले, आणि सर्वजण सुखरूप निघाले. पण होड्या येईपर्यंत पाण्यातून वाट काढीत धावली ती जवळच्या गावांतली माणसे. बाहेर काढलेल्या उतारूंना बदलापुरात एका मंगल कार्यालयात नेले. लग्नाची जागा त्या दिवशी धर्मशाळा झाली. धर्मशाळा शब्दावरून गाडगे महाराज आठवले. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र उघड्यावर निजत. ज्याला दुसरीकडे दार उघडत नाही त्याच्यासाठी दार असावे, एवढाच त्यांचा हिशेब होता.

आता इर्शाळवाडीचे लिहावयाचे. हात जड होतो. खालापूर तालुक्यात चौकजवळ इर्शाळगडाच्या कुशीत ही ठाकरांची वाडी होती. २०२३ च्या १९ जुलैला, अधिक श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी रात्री दरड आली. वर जायला गाडीवाट नाही, दीडदोन तासांची चढण, त्यात पाऊस आणि धुके. यंत्र चढविता येईना, म्हणून माणसांनी हातांनी माती उपसली. खोपोलीचे यशवंती हायकर्स आणि आसपासच्या गावांतली पोरे वर गेली. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी मदतीसाठी चढत असताना हृदयविकाराने गेले. चार दिवसांनी शोध थांबविला तेव्हा २७ देह हाती आले होते आणि ५७ माणसे सापडलीच नव्हती. ती त्याच मातीत राहिली. आश्रमशाळेत राहणारी कितीएक लेकरे वाचली, पण त्यांतल्या काहींचे आईबाप गेले.

वाचलेल्यांना प्रथम आसरा मिळाला तो नढाळच्या पंचायतन मंदिरात. ह्या एका गोष्टीवर वारकऱ्याने घटकाभर थांबावे. देवळाच्या ओवरीत ठाकरांची लेकरे निजली, तेथेच जेवली, आणि देवाला काही बाधले नाही. चोखोबांना ज्या दाराबाहेर उभे राहावे लागले त्या दाराची आठवण बाळगणारे आपण. आजही एखाद्या गावात "देवळात भांडी पडतील, शिवाशिव होईल" असे कुजबुजणारा निघतो. त्याच्याशी वाद घालीत बसू नये. सतरंजी उचलावी आणि सभामंडपात अंथरावी.

अधिक महिन्यात आपण जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देतो. त्या वर्षी काही घरांनी ते वाण त्या लोकांकडे वळविले असते तर शास्त्राची काही हानी झाली नसती. पण येथेही विचार हवा. नाचणीची भाकर आणि भात खाणाऱ्या माणसाला बिस्किटांचे पुडे तरी किती दिवस द्यायचे? तिसऱ्या दिवशी त्याला कोयता हवा, टोपली हवी, हंडा हवा. पंधराव्या दिवशी कागद हवेत, कारण रेशनकार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पुस्तक, सारे मातीखाली. मंडळात एखादा निवृत्त शिक्षक वा तलाठी असतोच. त्याने तहसील कचेरीत त्या माणसाबरोबर बसावे. हे अन्नदानाहून कमी नव्हे, आणि ह्याचा फोटो निघत नाही म्हणून तर ते फार कमी लोक करतात. इर्शाळवाडीची माणसे पुढे कंटेनरच्या घरांत राहिली, कायमच्या घरांचे काम सिडकोकडे गेले. गर्दी पहिल्या आठवड्यात असते. कंटेनर उन्हात तापतो तेव्हा कोणी नसते. तेव्हा जावे.

फोटोचा विषय निघाला तर तेही बोलतो. एका मंडळाने पुरग्रस्तांना रांगेत उभे करून, हातात पिशवी देताना छायाचित्र काढल्यावाचून पुढचा माणूस घेतला नाही, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एक म्हातारा पिशवी न घेताच रांगेतून निघून गेला. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याला दुष्काळात बादशहाची कोठारे उघडली तेव्हा नाव लिहून घेतले नाही, फक्त स्वतःची मान पुढे केली.

खोपोलीजवळ साजगावला, ताकईच्या विठोबाची कार्तिकी यात्रा आपणा सर्वांस ठाऊक. तुकोबाराय ह्या बाजूला मिरची विकायला येत, अशी तेथली आख्यायिका. महिपतीही सांगतात की कोकणात मिरची विकताना तुकोबांनी माप गिऱ्हाइकांवरच सोडले. मग वाटप करताना आम्हीही तसेच करावे काय? भाविकाला तसे वाटेल. पण माझा अनुभव निराळा आहे. मोकळे सोडले तर धडधाकट माणूस दोनदा घेतो आणि विधवा मागे राहते. विश्वास ठेवावा तो माणसाच्या सांगण्यावर. "माझ्या घरी सात माणसे" म्हणाला तर सात, पुरावा मागू नये. पण रांग चोपदाराने लावावी, आणि आधी एकट्या बाया, म्हातारे, लेकुरवाळ्या. नावे वाडीतल्याच दोन बायांकडून लिहून घ्यावी. कोणाच्या घरात खरोखर काय उरले आहे ते त्यांना पक्के ठाऊक असते.

राहिली तयारीची गोष्ट. मृग लागण्यापूर्वी दिंडीचे सामान बाहेर काढून उन्हात घालावे. राहुट्यांना भोके असतील तर शिवून घ्यावी. दोन मोठे टोप, पत्रावळींचे गठ्ठे, दोर, कंदील वा बॅटऱ्या, फावडी-घमेली, ब्लिचिंग पावडर, तांदूळ-डाळीचा चार दिवसांचा शिधा, हे सारे देवळाच्या माळ्यावर ठेवावे, तळघरात नको. कोठीच्या किल्ल्या दोघांकडे असाव्या, आणि त्यांतला एक तरी नदीपासून लांब, वरच्या आळीत राहणारा असावा. २००५ साली आमची एकुलती एक किल्ली ज्याच्याजवळ होती, त्याचेच घर पाण्यात होते.