आर्त आणि नित्यनेम : मराठी कॅथलिक प्रार्थनेच्या भाषेविषयी काही विचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच ‘ख्रिस्तपुराणा’कडे आणि नंतर रेव्हरंड टिळकांकडे जाते. नित्य प्रार्थना मात्र वाङ्मय म्हणून फारशी विचारात घेतली जात नाही. ती पाठ केली जाते, तिला कर्ता नसतो, आणि रोज तीच ती म्हटली जात असल्याने तिच्यात भावनेचा ओलावा उरत नाही, असा एक समज आहे. या समजाची तपासणी करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कॅथलिक परंपरेत दिवसाची आखणीच प्रार्थनेने होते. सकाळी दिवसाचे समर्पण; सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी तीन वेळा मरियेला मिळालेल्या देवदूताच्या संदेशाची आठवण; सायंकाळी कुटुंबासह रोझरी, जिला गोव्यात ‘तेर्स’ म्हणतात; आणि निजण्यापूर्वी आत्मपरीक्षण. रोझरीच्या रचनेमागचा इतिहास मराठी वाचकास उद्बोधक वाटेल. मठांतून 150 स्तोत्रांचे पठण होत असे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी त्यांच्या जागी मरियेचा नमस्कार 150 वेळा म्हणावा, या प्रथेशी रोझरीचा संबंध जोडला जातो. पोथी ज्यांच्या हाती नाही त्यांना माळ देणारी ही दृष्टी हरिपाठाच्या परंपरेत वाढलेल्यास परकी वाटू नये.

कारंजा (घाडगे) परिसरातील विद्यार्थ्याला तर नित्यनेम समजावून सांगण्याची गरजच नाही. नागपूर-अमरावती मार्गावर पुढे गुरुकुंज मोझरी आहे. तुकडोजी महाराजांची (1909–1968) सामुदायिक प्रार्थना विदर्भातील खेड्यापाड्यांत म्हटली जाते. त्याच वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे, जेथे गांधीजींनी सकाळ-संध्याकाळच्या सर्वधर्मीय प्रार्थनेची शिस्त घालून दिली. आणि पवनार आहे, जेथील विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले. तेव्हा विद्यार्थ्यापुढे प्रश्न पडतो तो दुसरा : ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शब्दांत म्हटलेल्या प्रार्थनेत हृदयाची तळमळ कशी मावणार?

या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर संत ऑगस्टीन (354–430) याने दिले आहे. प्रोबा नावाच्या विधवेस लिहिलेल्या पत्रात तो असे मांडतो की, देवाविषयीची ओढ अखंड असेल तर माणूस अखंडच प्रार्थना करीत असतो. परंतु ती ओढ संसाराच्या व्यापात निवत जाते. म्हणून ठरावीक वेळी शब्द उच्चारावयाचे. शब्द देवाला काही कळविण्यासाठी नसतात. आपली इच्छा किती वाढली, किती आटली, हे आपणांसच कळावे आणि ती पुन्हा चेतावी, यासाठी ते असतात. येथे नित्यनेम हा तळमळीचा शत्रू नसून तिची राखण करणारा ठरतो. चुलीतला विस्तव राखेखाली जपून ठेवणाऱ्या गृहिणीला हे अधिक थोडक्यात समजेल.

मराठीच्या दृष्टीने ‘आर्त’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत, त्यांत आर्त म्हणजे पीडित, संकटात सापडलेला. प्राचीन मराठीत मात्र ‘आर्त’ हे नाम होऊन ‘उत्कट इच्छा’ या अर्थाने वावरते. पीडा आणि ओढ एकाच शब्दात नांदावीत, ही गोष्ट साधी नव्हे. 42 व्या स्तोत्रातील तहानलेली हरिणी आणि आपल्याकडील मेघाची वाट पाहणारा चातक यांना एका शब्दाने जोडता येईल असे भांडवल या भाषेजवळ आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे भांडवल ओळखले होते. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेज्वीटाने 1616 मध्ये रायतूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द त्यांनी निःसंकोच वापरला. पण एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. पुराणासाठी त्यांनी मराठी ओवी निवडली. रोजच्या प्रार्थना ज्यात शिकविल्या जातात ती प्रश्नोत्तररूप ‘दौत्रिना क्रिस्तां’ मात्र त्यांनी कोकणीत रचली. ती त्यांच्या निधनानंतर, 1622 मध्ये छापली गेली. श्रवणाला ग्रंथभाषा आणि याचनेला घरची भाषा, असा हा विवेक असावा, असे आमचे मत आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) उपासनेत लोकभाषांना मुभा दिल्यानंतर वसईसारख्या भागात मराठीचा उपासनेत वावर वाढला. आता याचना आणि ग्रंथ यांची भाषा एकच झाली. यात लाभ आहे, तशी अडचणही आहे. सर्वनामांपुरते पाहू. मराठीत देवाला ‘तू’ म्हणतात. वारकरी विठ्ठलाला ‘अरे’देखील म्हणतो. तेव्हा ‘तू’मधील जवळीक कॅथलिक प्रार्थनेत आयती आली. भेद आहे तो वक्त्याच्या सर्वनामात. अभंगात ‘मी’ बोलतो आणि शेवटी नाममुद्रा उमटते. शेकडो कंठ ‘तुका म्हणे’ म्हणतात तेव्हा ते एका माणसाची तळमळ उसनी घेत असतात. ख्रिस्ताने शिकविलेली प्रार्थना आरंभीच ‘आमच्या’ म्हणते आणि शेवटपर्यंत ‘मी’ला बोलू देत नाही. एकांतात म्हटली तरी ती समूहाचीच राहते. माझे आर्त ‘आमचे’ झाल्यावाचून तेथे देवापुढे ठेवताच येत नाही. अभंगाच्या तुलनेत ती कोरडी वाटते याचे कारण मला येथे दिसते. तो दोष आहे असे मात्र वाटत नाही.

याच प्रार्थनेत देवाची इच्छा पूर्ण होण्याची विनंती आधी येते आणि भाकरीची मागणी नंतर. क्रम अर्थपूर्ण आहे : इच्छा मारावयाची नाही, तिचे तोंड वळवावयाचे आहे, वळल्यावर भूक निःसंकोच सांगता येते. भाकरीचे विशेषण म्हणून मूळ ग्रीकमध्ये आलेला शब्द अत्यंत दुर्मीळ आहे. संत जेरोमने त्याचे लॅटिन भाषांतर लूकच्या शुभवर्तमानात ‘रोजची’ असे केले, तर मत्तयच्या शुभवर्तमानात ‘पदार्थमात्राच्या पलीकडची’ अशा अर्थाने. मराठीने ‘रोजची’ पत्करली. ज्वारीच्या या मुलखात भाकर हा शब्द ऐकणाऱ्याला आधी तवाच आठवतो, आणि जेरोमचा दुसरा अर्थ त्याला कोणीतरी सांगावा लागतो.