पुरात भिजलेल्या गाडीला सेल्फ मारू नका

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन बहुतेक वेळा वाचतं. अट एकच: पाणी ओसरल्यावर तिला कुणी सेल्फ मारता कामा नये. बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, लेथवर माझी हयात गेली, लोखंड कुठे वाकतं आणि कुठे तुटतं हे हाताला ठाऊक आहे. तरी ही गोष्ट मला खऱ्या अर्थानं कळली ती ऑगस्ट २०२४ च्या पुरात.

जन्माष्टमीच्या सुमारास पाऊस कोसळत राहिला, विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर चढली आणि निम्मं बडोदं पाण्यात गेलं. आमच्या सोसायटीत पार्किंगमधल्या गाड्यांच्या बोनेटपर्यंत पाणी होतं. ते ओसरल्यावर ऊन पडलं. शेजारच्या तरुणानं गाडी धुतली, दारं उघडी टाकून सीटा वाळवल्या. गाडी बाहेरून इतकी स्वच्छ दिसत होती की आतही सगळं कोरडं असेल असंच कुणालाही वाटावं. त्यानं मला विचारलं, "काका, एक वार सेल्फ मारी जोऊं?" मी म्हटलं, "थांब बेटा, आधी प्लग काढू." पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायची घाई, फोनवर कुणीतरी दिलेला धीर, आणि त्यानं चावी फिरवली. "टक्" असा एकच आवाज आला आणि इंजिन जाम झालं. गॅरेजमध्ये उघडलं तेव्हा एक कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला.

कारण साधं आहे. पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येताना हवा साधारण दहापट दाबतो, डिझेलमध्ये त्याहून बरीच जास्त. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असताना पिस्टन वर ढकलला की पाण्याला जायला जागा नसते, आणि सगळा जोर रॉडवर येतो. गाडी बंद असली तरी पाणी एअर फिल्टरच्या वाटेनं किंवा सायलेन्सरमधून उघड्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतं. चालत्या गाडीत धोका जास्त, कारण इंजिन स्वतःच पाणी ओढून घेतं. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चालू करायचा प्रयत्न नकोच. उतरा आणि ढकला.

मग घरी काय करता येतं? पहिल्यांदा दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. पाणी कुठपर्यंत चढलं त्याच्या खुणा दिसतात तोवर फोटो काढा. मग एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर ओला किंवा गाळानं माखलेला असेल तर पाणी आत गेलं असंच धरून चाला. त्यानंतर ऑईलची पट्टी ओढून बघा. ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं किंवा पातळी खुणेच्या वर असली, तर त्यात पाणी मिसळलं आहे. ते ऑईल घेऊन इंजिन एक मिनिटही चालवायचं नाही, बेअरिंग खराब होतील.

इथे एक महत्त्वाचं सांगतो. विम्याचा दावा करायचा असेल तर सर्व्हेअरनं गाडी पाहीपर्यंत पुढचं काहीही उघडू नका. गाडी टो करूनच न्या. आपल्या नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण पाणी गेल्यावर सेल्फ मारून इंजिन मोडलं तर कंपन्या सहसा ते पुराचं नुकसान मानत नाहीत. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. माझ्या शेजाऱ्याकडे ते नव्हतं. इंजिनाचा खर्च त्यालाच भरावा लागला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दावा करायचा नसेल, गाडी पेट्रोलची आणि हातगिअरची असेल, तर थंड इंजिनाचे प्लग काढा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावा आणि इंजिन फिरतं त्याच दिशेनं हळूहळू फिरवा. अडकलं तर जोर लावू नका, मिस्त्रीला बोलवा. मोकळं फिरलं तर प्लगच्या भोकांतून पाणी बाहेर येईल. ते थांबेपर्यंत फिरवत राहा, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडा. हे काम पाणी ओसरल्यावर लवकर व्हावं, कारण आत राहिलेलं गढूळ पाणी सिलिंडरला गंज चढवतं. ऑईल आणि फिल्टर बदला. गिअरबॉक्सचं ऑईलही तपासा, ते हमखास विसरलं जातं. प्लग परत बसवताना पहिले आटे हातानंच द्या. हेड अॅल्युमिनियमचं असतं आणि त्याचे आटे गेले की भलताच खर्च निघतो. गाडी चालू झाली तरी थोडं चालवून ऑईल पुन्हा बदला, पहिल्या खेपेला सगळं पाणी निघत नाही.

डिझेलच्या गाडीचे नोझल घरी काढू नयेत. ऑटोमॅटिक गाडीही गॅरेजलाच द्या. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक असेल तर बोनेटखालच्या नारिंगी केबलना हातसुद्धा लावू नका, तिथे जिवाशी गाठ आहे.

आणखी एक. पूर नसताना, पाण्यात न नेलेल्या गाडीचं ऑईल दुधाळ झालं आणि कूलंटही कमी होत असेल, तर बहुधा हेड गॅस्केट गेलेलं असतं. तेव्हाही गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. आणि कूलंट बघायला इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

वडसर, मांजलपूर, मकरपुरा भागात राहणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: या पावसाळ्याआधी आपली पॉलिसी काढून वाचा, इंजिनाचं संरक्षण नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी मागून घ्या. आणि पाण्याचा इशारा आला की गाडी वेळेत उंचावर नेऊन लावा.