खोलीतली मिरची : चार ट्यूब, चार बादल्या

मागच्या वर्षी जुलैमध्ये लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीतून रात्री उशिरापर्यंत जांभळा उजेड बाहेर पडायचा. समोरच्या बॉईज हॉस्टेलमध्ये त्यावर बऱ्याच थिअरीज होत्या. कोणी म्हणे डिस्को, कोणी म्हणे भूत, आणि जे जास्त सिनेमे बघतात त्यांचं म्हणणं, 'आत काहीतरी उगवतात'. शेवटची थिअरी खरी होती. ती खिडकी माझी, आणि आत मिरचीची रोपं होती.

पण 'काहीतरी' या शब्दाचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावला आणि एका रात्री रेक्टर मॅडम सिक्युरिटीच्या मावशींना घेऊन दारात हजर. "काय लावलंयस गं?" "मॅडम, मिरची." "मिरचीला एवढा थाट?" त्यांनी एक पान तोडून चुरगाळलं, वास घेतला, पुन्हा घेतला. वास पटला असावा, पण एक्स्टेन्शन बोर्ड आणि कॉटला बांधलेला दिवा पटला नाही. दोन दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर खोली सोडा. रूममेटने दोन रात्री माझ्याशी अबोला धरला, कारण खोली तिचीही होती.

मॅडमची शंका अगदीच हवेतली नव्हती, हे मला नंतर कळलं. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २० प्रमाणे परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं हा गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कुंडी हॉस्टेलच्या खोलीत आहे की शेतात, याने काही फरक पडत नाही. त्यामुळे 'गंमत म्हणून एक रोप' असले बेत कोणाचे असतील तर त्यांनी पुढचा लेख मिरचीपुरताच वाचावा. हा लेख म्हणजे त्या खुलाशाचाच वाढवलेला अवतार आहे. मॅडमचा प्रश्न एका ओळीचा होता : मिरचीला एवढा उजेड लागतोच कशाला?

मित्रमैत्रिणींनो, आपला डोळा मोठा लबाड आहे. ट्यूब लावलेली खोली आपल्याला लख्ख वाटते, पण लक्समीटर ठेवला तर टेबलावर जेमतेम १०० ते २०० लक्स भरतात. बाहेर भर दुपारच्या उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. म्हणजे शेकडो पटींचा फरक, आणि डोळा बाहुली लहानमोठी करण्यासारख्या युक्त्यांनी तो लपवून टाकतो. झाडाला बाहुली नाही. त्याच्या लेखी आपली खोली म्हणजे अमावास्याच.

त्यातून लक्स हे मुळात माणसाच्या डोळ्याचं माप. डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड जास्त दिसतो म्हणून त्याला जास्त मार्क. पानाला मात्र फोटॉन मोजायचे असतात : दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती मायक्रोमोल पडले. ते मोजायचं मीटर महाग असतं, पण पांढऱ्या एलईडीसाठी एक कामचलाऊ हिशेब आहे, लक्सला साधारण ७० ने भागायचं. आलेल्या आकड्याला दिवा चालू असलेल्या सेकंदांनी गुणलं की झाडाचा दिवसभराचा 'डबा' मिळतो. पालेभाजीला रोज १२ ते १५ मोल मिळाले तरी ती खूश असते. मिरची-टोमॅटोसारख्या फळभाज्यांना २० च्या पुढे मिळालेले बरे.

आता माझी चूक. मी ऑनलाइन मागवलेला जांभळा दिवा लावला, कारण अकरावीच्या पुस्तकात होतं की क्लोरोफिल लाल आणि निळा रंग शोषतं, हिरवा परत पाठवतं. हे अर्धसत्य आहे. हिरव्यातला थोडाच भाग परत जातो, बराचसा पान वापरतं, आणि हिरवा उजेड पानात जास्त खोलवर पोचतो. कीथ मॅक्री यांनी १९७२ मध्येच अनेक पिकांच्या पानांवर एकेक रंग टाकून हे मोजून ठेवलं होतं. म्हणजे नुसता जांभळा असल्यामुळे दिवा चांगला ठरत नाही. माझा दिवा कमी वॅटचा होता आणि मी तो दोन फुटांवर टांगला होता. रोपं सुतळीसारखी लांबुडकी झाली आणि तिसऱ्या आठवड्यात आडवी पडली. उजेड शोधत रोप उंच धावतं, आणि खोड जाड करायला त्याच्याकडे शिल्लक उरत नाही.

खुलासा वाचून मॅडमनी खोलीतला पसारा बंद केला, पण तळमजल्यावरची अडगळीची खोली दिली. अट अशी, की वायरिंग हॉस्टेलच्या इलेक्ट्रिशियन काकांनी करायचं, अर्थिंग तपासायचं आणि वेगळा सबमीटर लावायचा. (सबमीटरचं बिल माझ्या खिशातून. त्याची कथा पुढे.)

या वेळी साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब घेतल्या. पांढरा एलईडी म्हणजे खरं तर निळाच एलईडी, वर पिवळ्या फॉस्फरचा थर. हा निळा एलईडी जमवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकीचं नोबेल मिळालं. हिशेब असा : २० वॅटची चार फुटी ट्यूब, २००० ल्युमेन, अशा चार म्हणजे ८००० ल्युमेन. खालची जागा चार फूट बाय एक फूट, म्हणजे ०.३७ चौरस मीटर. सगळा उजेड तिथेच पडला तर २१,६०० लक्स. पण तो इकडेतिकडे सांडतोच. तिन्ही बाजूंनी पांढरा थर्माकोल उभा केल्यावर इलेक्ट्रिकल लॅबमधून मागून आणलेल्या मीटरवर साधारण १५,००० दिसले. भागिले ७० म्हणजे २१४. रोज १६ तास म्हणजे ५७,६०० सेकंद. गुणाकार केला की १२ मोलच्या वर. २० नाही, पण फळ धरायला पुरेल असा अंदाज होता.

इथे व्हायवाचा एक प्रश्न फुकट देते. अंतर दुप्पट केलं की उजेड पाव होतो ना? सगळे 'हो' म्हणतात आणि फसतात. तो नियम बिंदूइतक्या छोट्या दिव्याचा. ट्यूब ही रेषा आहे, आणि तिच्या लांबीच्या मानाने आपण बरेच जवळ असलो तर उजेड अंतराच्या प्रमाणात कमी होतो, वर्गाच्या नाही. सहा इंचांवरून एक फुटावर गेलो तर साधारण निम्मा. चार ट्यूब शेजारी-शेजारी लावल्या की त्याहूनही सावकाश कमी होतो. म्हणून साखळीला टांगलेल्या ट्यूब शेंड्याच्या वर वीतभर अंतरावर ठेवायच्या आणि रोप वाढेल तशा वर घ्यायच्या. एलईडी तितका तापत नाही, त्यामुळे इतक्या जवळ चालतं.

सोळा तास उजेड दिला तर फुलं येतील का, असं एका सरांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. शेवंतीला फुलायला लांब रात्र लागते, म्हणून फुलं लांबवायची असली की पॉलीहाऊसवाले तिला रात्री दिवे दाखवतात. दिवसरात्रीच्या लांबीचं हे गणित गार्नर आणि अलार्ड यांनी १९२० मध्ये तंबाखूच्या एका जातीवरून मांडलं. मिरची यात पडत नाही. दिवस लांब असो की आखूड, ती वयात आली की फुलते.

बी 'पुसा ज्वाला' जातीचं, ऑगस्टच्या मध्यावर पेरलं. सप्टेंबरअखेर रोपं रंगाच्या रिकाम्या दहा लिटरच्या बादल्यांत हलवली. तळाला भोकं, आत कोकोपीट, गांडूळखत आणि माती. पाण्याचा माझा नियम एकच, बादली उचलून बघायची. हलकी लागली तर पाणी, जड असेल तर नाही. वेळापत्रकाने पाणी घालून मी आधीची दोन रोपं कुजवली आहेत.

आणि आता आजी. दिवाळीच्या थोडं आधी फोनवर तिला रोपांची उंची सांगितली तर ती म्हणाली, "अगं, शेंडा खुड." माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, 'खुडणे' हा शब्द मी आयुष्यात वापरला नव्हता. आजी म्हणाली, हरभऱ्याचे शेंडे खुडतात ना, भाजीही होते आणि झाड फुटतंही. मी चारांपैकी दोनच रोपांचे शेंडे खुडले, दोन तशीच ठेवली. प्रयोग म्हटला की तुलनेला काहीतरी हवंच.

शेंडा हा झाडाचा मॉनिटर. त्यात तयार होणारं ऑक्झिन खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना गप्प बसवतं. शिवाय साखरेचा मोठा वाटाही तोच ओढतो. २०१४ मध्ये वाटाण्यावर झालेल्या कामातून दिसलं, की शेंडा काढल्यावर डोळे जागे होतात ते आधी या साखरेमुळे, ऑक्झिन घटल्याची खबर नंतर पोचते. खुडलेली रोपं आठवडाभर रुसली, मग प्रत्येक डोळ्यातून फांदी फुटली. ती बुटकी आणि पसरट झाली, न खुडलेली शिडशिडीत वर गेली. घरातल्या शेतीत हा मोठाच फायदा, कारण उजेड वरच्या एका फुटातच चांगला असतो. उंच झाडाची खालची पानं नुसती बसून खातात. खुडलेल्यांची फुलं उशिरा आली, पण एकूण मिरच्या त्यांनीच जास्त दिल्या. चार झाडांवरून मी नियम सांगणार नाही, पण या वर्षी चारही खुडणार आहे.

फुलं आली आणि गळायला लागली, तेव्हा मी रडायच्या बेतात होते. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागांवर फळ धरतं, पण पराग हलायला वारा किंवा माशी लागते. अडगळीच्या खोलीत दोन्ही नाही. मग रोज सकाळी लेक्चरच्या आधी पेन्सिलीने देठाला हलके टिचक्या मारायच्या आणि टेबलफॅन मंद सोडायचा. आठवड्यात फळ धरायला लागलं. फॅनने खोडही दणकट होतं. मावा पडला तेव्हा साबणाचं पाणी मारलं. आत ढालकिडे नसतात, त्यामुळे पानं उलटून रोज बघावी लागतात. एका झाडाला फुलकिड्यांमुळे बोकड्यासारखं झालं, तेवढी फांदी काढून टाकली.

पहिला तोडा संक्रांतीच्या आसपास झाला. मेसच्या मावशींनी खलबत्त्यात ठेचा केला आणि त्या दिवशी भाकरी संपली, ही आमच्या मेसच्या इतिहासातली दुर्मीळ घटना.

आता सबमीटर. ८० वॅट गुणिले १६ तास म्हणजे रोज १.२८ युनिट, महिन्याला ३८. पाच महिन्यांचे १९० युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर १९०० रुपये. सगळे तोडे मिळून मिरची सव्वा किलो. म्हणजे किलोला पंधराशे रुपये, बियाणं, बादल्या आणि माझी झोप वेगळी. हे मी मॅडमना दाखवलं तेव्हा त्या प्रथमच मनापासून हसल्या.

छपरावर तेच ऊन फुकट पडत असताना दिव्याखाली फळभाजी काढणं हा धंदा नाही, हे मान्य. पालेभाजीचं गणित थोडं बरं बसतं, कारण फळाची वाट बघावी लागत नाही, उगवलं ते सगळं खाता येतं. अंतराळ स्थानकावरही २०१५ च्या ऑगस्टमध्ये दिव्याखालचं जे पीक अंतराळवीरांनी खाल्लं, ते लाल लेट्यूस होतं. केशराची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या कंदात आधीच साठा असतो, त्यामुळे फुलायला उजेड थोडाच लागतो. म्हणून बंद खोलीत केशर घेण्याचे प्रयोग महाराष्ट्रातही होतात. पण पुढच्या वर्षीचे कंद भरायचे म्हटले की पुन्हा उजेडाचं बिल येतंच.

मिरचीपुरती मी मधली वाट काढली आहे. पहिले सहा आठवडे, जेव्हा रोपं पेल्यात मावतात, तेव्हा एकाच ट्यूबखाली चाळीस रोपं, आणि मग बादल्या थेट गच्चीवर. गच्चीची किल्ली मॅडमकडे आहे. अर्ज दिला आहे, या वेळी आधी.