शुल्कवाढीची दाद कोठे मागावी?

प्रश्न : मुलीच्या विनाअनुदानित शाळेने पालकांना न विचारता शुल्क वाढविले, पाचवीच्या प्रवेशावेळी पावतीविना देणगीही घेतली. खासगी शाळेवर सरकारचा अंमल चालतो काय?
— एक पालक, सातारा

उत्तर : अवश्य चालतो. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात विनाअनुदानित संस्थांना शुल्क ठरविण्याची मुभा दिली खरी, परंतु नफेखोरीस स्पष्ट मज्जाव केला. आणि महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने असा दंडक घातला की, व्यवस्थापनाने शुल्काचा प्रस्ताव, जमाखर्चाच्या तपशिलासह, वर्षारंभापूर्वी सहा महिने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मान्यतेसाठी ठेवावा. सबब प्रथम त्या समितीच्या ठरावाची नक्कल लेखी अर्जाने मागावी व अर्जाची पोच जपून ठेवावी. ठरावच झाला नसेल, तर किमान 25 टक्के पालकांनी एकत्र येऊन विभागीय शुल्क नियामक समितीकडे तक्रार गुदरावी. देणगीची तक्रार शिक्षणाधिकाऱ्यांकडे स्वतंत्रपणे करावी; 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 13 अन्वये अशा रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. विद्यादान हा व्यापार नव्हे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. ते अंमलात आणविणे संघटित पालकांच्या हाती आहे.