निरोप पुढे देणारे जाळे : एर्नेटची ओळख



पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट पावसाळ्यात दरडीमुळे बंद झाला, की वर जाणारी टपालाची थैली खालीच थांबते. ती हरवत नाही. वाट मोकळी झाली की पुढे जाते. महाडहून भोरमार्गे पुण्यास जाणारा वरंध घाट बंद असेल, तर वाहने ताम्हिणीकडे वळतात. थांबून राहणे आणि दुसऱ्या वाटेने जाणे, या दोन गोष्टी घाटाखालच्या माणसास शिकवाव्या लागत नाहीत. संगणकांचे जाळे याच दोन तत्त्वांवर चालते. आपल्या देशातील संशोधकांसाठी असे जाळे कसे उभे राहिले, याची ओळख आम्ही प्रस्तुत लेखात करून देत आहोत.

गरज कोणती होती?

१९८०च्या दशकात भारतातील संशोधकास परदेशी नियतकालिक सागरी टपालाने मिळे. जगात चर्चा होऊन गेलेला विषय त्याच्या मेजावर महिन्यांनी येई. परदेशातील अभ्यासकाला शंका विचारली, तर उत्तरासाठी काही आठवडे थांबावे लागे. अमेरिकेत अर्पानेट हे जाळे १९६९ पासून काम करीत होते. दक्षिण कोरियात १९८२ मध्ये तशाच प्रकारचे जाळे सुरू झाले होते. आपल्या संशोधकांपाशी बुद्धी होती, परिश्रम होते; परंतु ज्ञान उशिरा पोचत असल्यामुळे ते शर्यतीच्या प्रारंभीच मागे पडत.

उभारणी

१९८६ मध्ये भारत सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या अर्थसाहाय्याने शिक्षण व संशोधनाचे जाळे उभारण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. ‘एर्नेट’ हे त्याचे नाव. आरंभी त्यात आठ सहभागी होते : मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि दिल्लीतील स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग. जुहू येथील या राष्ट्रीय केंद्राचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी हे या कार्याच्या अग्रभागी होते. या कार्याबद्दल २०१४ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला.

प्रारंभी स्वतंत्र तारा नव्हत्या. एका संस्थेचा संगणक मोडेमच्या साहाय्याने दुसऱ्या संस्थेला साधा दूरध्वनी लावी, साठलेले निरोप देई आणि तिकडचे घेई. ओळीत खरखर असे, संभाषण मध्येच तुटे. म्हणून निरोपाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकाबरोबर एक पडताळणीची बेरीज पाठवली जाई. पलीकडे बेरीज जुळली नाही, तर तेवढाच तुकडा पुन्हा मागवला जाई.

पत्ता लिहिण्याची रीतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. निरोप कोणकोणत्या संगणकांतून जाईल, ती सारी नावे क्रमाने लिहून मध्ये उद्गारचिन्हे घालावी लागत. आपण ‘व्हाया पोलादपूर’ लिहितो, तशीच ही वाट : महाड!पेण!पनवेल!मुंबई. या वाटेवरील प्रत्येक यंत्राने परक्याचा निरोप आपलाच समजून पुढे दिला, तरच तो पोचे. जाळ्याचा खरा पाया हा विश्वास होता.

पुढे संस्थांना जोडणाऱ्या भाड्याच्या कायम ओळी आल्या. १९८९च्या सुमारास जुहूचे केंद्र अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील यूयूनेट या जाळ्याशी जोडले गेले आणि भारतीय संशोधकास जगाचे दार उघडले. संगणकांनी परस्परांशी कोणत्या नियमांनी बोलावे, याविषयी तेव्हा जगभर दोन पक्ष होते. एर्नेटने दोन्ही नियमसंच चालवून पाहिले. आज सारे इंटरनेट ज्यावर चालते, तो टीसीपी-आयपी हाच कालांतराने टिकला.

वेगाचे गणित

त्या कायम ओळींचा वेग आरंभी सेकंदाला ९६०० बिट होता. एका रोमन अक्षरास ८ बिट लागतात. म्हणजे सेकंदाला १२०० अक्षरे. दोन हजार अक्षरांचे पान दोन सेकंदांच्या आत जाई. आजच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास २४ बिट लागतात. तेवढेच मराठी पान त्या ओळीवरून जाण्यास पाच सेकंद लागले असते. मात्र मोबाईलवर काढलेले ३० लाख बाइटचे एक छायाचित्र पाठविण्यास सुमारे ४२ मिनिटे लागली असती! म्हणून त्या काळी मोजके लिहीत आणि विचार करून पाठवीत. त्या चिंचोळ्या वाटेवरून शोधनिबंधांवरील चर्चा झाल्या, शंका विचारल्या गेल्या, उत्तरे आली.

आपल्यासाठी अर्थ

एर्नेट ही आरंभी मोजक्या संस्थांची सोय होती. सामान्य नागरिकास इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून, आणि तेही ज्याला परवडेल त्याला. सर्वांच्या पैशातून उभारलेली वस्तू कोणाच्या हाती पोचते, हा प्रश्न महाडास नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी तो चवदार तळ्याच्या काठी विचारला गेला आहे.

दुसरा धडा आपल्याला निसर्गाने दिला. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले, वीज गेली, मोबाईल मुके झाले आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. मदतीची हाक बाहेर जाण्यासच वाट उरली नव्हती. एकाच वाटेवर विसंबलेले जाळे, ती वाट तुटताच संपते. म्हणून जाळे बांधणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा असतो : ही ओळ तुटली तर निरोप कुठून जाईल, आणि तोवर तो कोण सांभाळील?

आज तुमच्या हातातील यंत्र त्या आठ संस्थांच्या ओळींहून कितीतरी वेगवान आहे. त्या संशोधकांनी चिंचोळ्या वाटेवरून जे मिळवले, ते या रुंद वाटेवरून तुम्ही मिळवावे आणि मिळालेले पुढच्याला द्यावे, एवढीच आमची अपेक्षा.

स्वाध्याय

१. सेकंदाला ९६०० बिट वेगाने ४० लाख बाइटचे छायाचित्र पोचण्यास किती वेळ लागेल?

२. आपल्या गावाहून महाडला येणाऱ्या सर्व वाटांचा नकाशा काढा. कोणती एक जागा बंद पडल्यास गाव तुटते, ते दाखवा.

३. आपल्या वाडीत इंटरनेट कोणापर्यंत पोचलेले नाही? का? घरोघर विचारून लिहा.